मेणाचा हात

फेस्त आटोपलं की सोमवारी सकाळी
इगर्जीची किल्ली माझ्याकडे असते.
गुडघ्यांखाली गोणपाट, हातात विळीचं मोडकं पातं,
आणि फरशीवर नऊ नोव्हेनांचं सांडलेलं मेण.

खरं तर मला गायचं होतं.
असोळण्याच्या याच इगर्जीत, वरच्या त्या सज्जात,
बारा वर्षांची असताना. मेस्त लावरियान
व्हायोलिनचा गज हवेतच थांबवून म्हणाले,
“क्लोतिल्द, तू नुसते ओठ हलव, बाय.”
दोन वर्षं हलवले.
मग एका आयतवारी वर गेलेच नाही.
मायला सांगितलं, पोटात दुखतंय.
पोटात नव्हतं.

खाली सांक्रिस्तांव आपोलिनार मेणबत्त्या विझवत होता.
“रिकामी आहेस? मग हे खरवड.”
एवढंच. मला हाक आली ती अशी,
पातं पुढे करून.

आता पन्नास वर्षं होतील.
मेणावरून मला माणूस कळतो.
भाटकारांच्या मेणाला गुलाबाचा वास, मडगावहून आणलेलं.
रेंदेर मिंगेलचं पिवळट,
गेल्या वर्षीचंच थोटूक पुन्हा लावलेलं.
खांबाआड, जिथे कुणाची नजर जात नाही,
तिथला थेंबांचा ढीग एस्पेरांसचा.
तिचा मुलगा जहाजावर आहे
आणि फोन लागत नाही.

सगळं एकाच टोपात जातं.
टोपाला कल्हई सगुण कासार करून देतो,
पैसे विचारले की म्हणतो,
सायबिणीचं काम, बाये, राहू दे.
धग पोदेर इनासच्या भट्टीची, पहाटेचे पाव निघाल्यावर.
वातीचा पीळ दोतोराच्या म्हाताऱ्या बहिणीचा;
तिला आता दिसत नाही,
बोटांना दिसतं.
माझं काय? ढवळणं.

नम्रपणाचं मात्र मला विचारू नका.
गेल्या फेस्ताला पाद्रींनी मिसाच्या शेवटी आभार मानले,
सजावटीचे, गायकांचे, बँडचे, फटाक्यांचे,
माईक देणाऱ्याचेसुद्धा.
मी झगा सारखा करून ताठ बसले होते.
नाव आलं नाही.
तीन दिवस टोपाला हात लावला नाही मी.

वर्षातून एकदा नवसाचं मेणही माझ्याकडे येतं.
पाय, कान, डोळ्यांची जोडी,
एकदा तर अख्खं बाळ.
टोपात पडलं की आधी कडा जातात.
कान टाचेला चिकटतो, डोळा पोटरीत विरतो,
मग कुणाचं काय ते मलाही सांगता येत नाही.
यंदा त्यात एक हात होता.
मनगटाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
अक्षर थरथरलेलं: लावरियान.
गज धरायचा हात.

बराच वेळ तो टोपावर धरून उभी होते.
खोटं कशाला बोलू, दया नव्हती ती.
मनात आलं होतं, भरलं ना माप?
मग माझीच मला लाज वाटली
आणि हात सोडला.
त्याच्या चार मेणबत्त्या झाल्या,
बारीक, जराशा वाकड्या.

लदाईनीच्या रात्री साळ नदीकडून वारा उठला
आणि वीज गेली.
सज्जात काळोख. पोरांना वह्या दिसेनात.
मी चारही उचलल्या
आणि पन्नास वर्षांनी तो जिना चढले.
मेस्त कोपऱ्यात खुर्चीवर, हात मांडीवर
एका हाताखाली दुसरा दाबून.
एक त्यांच्यासमोर लावली.
त्यांनी ओळखलं नाही. मला की मेणाला, कोण जाणे.
एवढंच म्हणाले, “ज्योत सरळ आहे.”

पोरं गाऊ लागली.
मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले,
मेण कुठे ओघळतंय तिकडे लक्ष ठेवून.
लाकडी फळ्यांवरून ते काढायला फार अवघड जातं.

ओठ हलत होते बहुतेक.